झाडोऱ्याखालचे पंचवीस ट्रक

स्वीडनच्या उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाच्या थोडे अलीकडे, विडसेल नावाचे लष्करी चाचणी क्षेत्र आहे. सूचिपर्णी जंगल, दलदल, मधूनमधून तळी. २००२ साली स्वीडनच्या संरक्षण संशोधन संस्थेने या जंगलात २५ लष्करी वाहने नेऊन उभी केली. सर्वांत लहान गाडी ४.४ मीटर लांब, सर्वांत मोठा ट्रक ७.८ मीटरचा. गाड्या झाडीच्या आत, ओळीने, एकमेकींपासून सुमारे ५० मीटरवर. मग एक छोटे जेट विमान वेगवेगळ्या दिशांनी त्या जंगलावरून गेले आणि त्याने रेडिओलहरींनी खालची चित्रे टिपली. त्यानंतर सगळ्या गाड्या हलवून दुसऱ्या जागी, दुसऱ्या दिशेला तोंड करून लावल्या आणि विमान पुन्हा उडाले. अशा चार मांडण्या झाल्या. प्रत्येक मांडणीला एका स्वीडिश राजाचे नाव: सिगिस्मुंड, कार्ल, फ्रेडरिक, अडोल्फ फ्रेडरिक. प्रत्येकीची सहा चित्रे, एकूण २४. एकेका चित्रात ३ किलोमीटर बाय २ किलोमीटर जंगल मावते.

ही चित्रे पुढे जगभरच्या अभ्यासकांसाठी खुली झाली. त्यांतले एखादे पाहिले तर पहिल्यांदा काहीच कळत नाही. तळ्याचे पाणी काळे, कारण गुळगुळीत पृष्ठावरून लहर पुढे निसटते, परत येत नाही. उघडी जमीनही काळपट. जंगल मात्र करड्या ठिपक्यांनी खचाखच भरलेले, आणि त्यांत काही ठिपके जास्त उजळ. नीट निरखले की एका जागी ठरावीक अंतराने मांडलेल्या उजळ ठिपक्यांच्या रांगा दिसू लागतात. ते ट्रक. पण आपल्याला ते दिसतात ते रांगेमुळे. एकच ट्रक असता आणि तो कुठेही असता, तर करड्या गर्दीतला तो एक ठिपका कुणाच्या नजरेत भरला नसता.

या विषयाचा गाभा इथेच आहे, असे मला वाटते. ‘जंगलाच्या आरपार पाहणारे रडार’ असे शब्द वाचले की वाटते, पाने बाजूला सारून खालचे सगळे स्पष्ट दाखवणारा डोळा माणसाला मिळाला. पाने बाजूला सारणे खरोखरच जमले आहे, आणि ते काम थोर आहे. त्यानंतर उरतो तो झाडांच्या बुंध्यांचा प्रश्न, आणि तो सोडवायला नुसते रडार पुरत नाही. काही घडण्याच्या आधी काढून ठेवलेले चित्रही लागते.

आधी पानांचे पाहू. रडार म्हणजे रेडिओलहर पाठवायची आणि परत आलेला अंश मोजायचा. लहर कशाला अडते, हे तिच्या लांबीवर ठरते. समुद्राची लांब लाट पाण्यात रोवलेल्या बारीक काठीला जुमानत नाही, मोठ्या खडकावर मात्र फुटते; रेडिओलहरीचे तसेच आहे. लढाऊ विमानांत आणि अनेक उपग्रहांत वापरतात त्या एक्स पट्ट्याच्या लहरीची लांबी सुमारे ३ सेंटिमीटर. पाने, देठ, डहाळ्या सगळे त्याच मापाचे, म्हणून ती शेंड्यावरच विखुरते. एल पट्ट्याची लहर २४ सेंटिमीटरची. ती पानांतून उतरते, जाड फांद्यांवर अडखळते. पी पट्ट्याची सुमारे ७० सेंटिमीटरची लहर बुंध्यापर्यंत आणि जमिनीपर्यंत पोहोचते. विडसेलवर उडालेल्या रडारने याच्याही खालची पायरी गाठली होती. त्याच्या लहरी ३ ते १५ मीटर लांब होत्या. एवढ्या लहरीच्या लेखी पान जवळजवळ नसतेच.

व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेकडे असे काही नव्हते. झाडीखाली काय चालले आहे ते दिसावे म्हणून १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी विमानांनी तिथल्या जंगलांवर आणि शेतांवर सात कोटी लिटरहून अधिक तणनाशक फवारले. ‘एजंट ऑरेंज’ त्यातलेच. पानांच्या आड पाहता येत नाही म्हणून पानेच झडवून टाकायची. त्याचे विष तिथल्या मातीत आणि माणसांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले. त्याच युद्धात, १९६८ साली, ‘कॅम्प सेंटिनल’ नावाचे एक रडार उंच मनोऱ्यावर बसवून तळाभोवतीच्या झाडीत चालणारी माणसे टिपण्याचा प्रयोग झाला. ते विमानावरचे नव्हते, पण योग्य लांबीची लहर निवडली तर पाने आड येत नाहीत, हे त्याने लढाईच्या मैदानात दाखवून दिले. रडार आधी तयार असते तर फवारणी टळली असती, असे मी म्हणणार नाही. युद्धातले निर्णय इतके सरळ नसतात. तरीही दोन्ही गोष्टी एकाच देशातल्या जंगलांत घडल्या, हे मनातून जात नाही.

लांब लहर पानांतून जाते, हे इतके उघड असेल तर विमानावर असे रडार बसवायला एवढी वर्षे का लागली? कारण लांब लहरीने बारीक चित्र काढणे फार कठीण. चित्रात किती बारकावा येणार हे रडार किती रुंद पट्टा वापरते त्यावर ठरते. साधारण अडीच मीटरचा बारकावा हवा तर ६० मेगाहर्ट्झचा पट्टा लागतो. मुळात ज्याची वारंवारता २० ते ९० मेगाहर्ट्झ आहे अशा रडारला एवढा पट्टा हवा म्हणजे जवळजवळ सगळाच हवा. आपला एफएम रेडिओ ८८ मेगाहर्ट्झला सुरू होतो. त्याच्या खालच्या या भागात दूरदर्शनची जुनी प्रक्षेपणे, बिनतारी यंत्रणा, सगळ्यांची दाटी. त्या कोलाहलातून स्वतःचा क्षीण प्रतिध्वनी वेगळा काढायचा.

हे धाडस १९८० च्या दशकात स्वीडनचे संशोधक हान्स हेलस्टेन यांनी अंगावर घेतले. रडारचे नाव कॅराबास; पुढे विडसेलवर उडाले ते हेच. विमान पुढे जात असताना छोट्या अँटेनाने वाटभर घेतलेले प्रतिध्वनी जुळवून कित्येक किलोमीटर लांबीच्या अँटेनाचे काम काढून घ्यायचे, ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. अमेरिकेतल्या गुडइयर कंपनीतले कार्ल वायली यांनी ती १९५१ मध्येच मांडली होती. पण तिचा वापर सेंटिमीटरच्या लहरींसाठी होत असे. मीटरच्या लहरींना अँटेनाही मीटरांतच लागते, आणि छोट्या जेटला ती लावायची कुठे? कॅराबासच्या पहिल्या आवृत्तीत विमानामागे हवेने फुगलेल्या लांब कापडी नळ्या होत्या, त्यांत अँटेना. १९९२ मध्ये ते रडार उडाले. १९९६ मध्ये दुसरी आवृत्ती आली, तेव्हा नळ्या गेल्या आणि विमानाच्या नाकापुढे दोन लांब दांडे आले. दोन का, याचेही कारण ऐकण्याजोगे आहे. एवढ्या लांब लहरीला एका बाजूला वळवून धरता येत नाही; ती डावीकडेही जाते, उजवीकडेही. एकच अँटेना असेल तर प्रतिध्वनी कोणत्या बाजूचा हे कळणार नाही. दोन अँटेनांतला सूक्ष्म फरक मोजून बाजू ठरवायची.

आता बुंध्यांचा प्रश्न. सपाट जमिनीवर उभे झाड म्हणजे काटकोन. लहर जमिनीवर आपटते, बुंध्यावर आपटते आणि आल्या वाटेने रडारकडे परतते. ट्रकची उभी बाजू आणि जमीन यांचाही असाच काटकोन होतो. म्हणजे ज्या गुणामुळे ट्रक उजळ दिसतो, त्याच गुणामुळे मोठे झाडही उजळ दिसते. एका चौरस किलोमीटरमध्ये हजारो झाडे. त्यांतली थोडीशी जरी ट्रकइतकी उजळ निघाली, तरी रडारच्या सूचनेवर विसंबून माणसे पाठवणाऱ्याची दमछाक होणार.

स्वीडिश संशोधकांनी यावर काढलेला तोडगा साधा होता, आणि मला तो सगळ्या यंत्रापेक्षा मोलाचा वाटतो. एकाच जागेची दोन चित्रे घ्यायची, वेगवेगळ्या वेळची, शक्यतो विमानाच्या त्याच वाटेवरून. पहिल्यातून दुसरे वजा करायचे. झाडे जागची हलत नाहीत, बुंधे काही दिवसांत जाड होत नाहीत. लांब लहरीला पानांची सळसळ जाणवत नाही. म्हणून वजाबाकीत जंगल जवळजवळ पुसले जाते. उरते ते मधल्या काळात आलेले किंवा गेलेले. विडसेलच्या चित्रांवर ही रीत चालवली तेव्हा सुमारे ९७ टक्के वाहने सापडली, आणि खोटी सूचना दर चौरस किलोमीटरला एकाहूनही कमी आली. चार मांडण्या कशासाठी होत्या, हे इथे उलगडते. एका मांडणीतली रिकामी जागा ही दुसऱ्या मांडणीचे ‘आधीचे’ चित्र होती.

बुंध्यांचा हा उजेड वनखात्याच्या कामाचा निघाला, हे जाता जाता सांगायला हवे. प्रतिध्वनी खोडाच्या आकारमानाबरोबर वाढतो, म्हणून तोच मोजून जंगलात लाकूड किती, याचा अंदाज बांधता येतो. जानेवारी २००५ मध्ये ‘गुद्रुन’ वादळाने दक्षिण स्वीडनमध्ये सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवे केले, तेव्हा पडझड कुठे झाली हे शोधण्यासाठी स्वीडिश संशोधक लार्स उलांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई आणि उपग्रही रडारची चित्रे तपासली. लष्करासाठी जो गोंगाट होता, तीच जंगल मोजणाऱ्यांची नोंद ठरली.

आधीचे चित्र हाताशी नसेल तर काय होते, याचा धडा मध्य अमेरिकेतल्या माया संस्कृतीच्या शोधात मिळतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने शुक्र ग्रहाच्या मोहिमेची तयारी म्हणून बनवलेले एल पट्ट्याचे रडार ग्वातेमाला आणि बेलीझच्या जंगलांवरून उडवले. शुक्रावर कायम दाट ढग, इथे कायम दाट झाडी. चाचणीला जागा योग्य होती. पुराणवस्तू अभ्यासक रिचर्ड ॲडम्स आणि पॅट्रिक कल्बर्ट यांनी रडारतज्ज्ञ वॉल्टर ब्राऊन यांच्यासह ती चित्रे वाचली. त्यांना दलदलींवर रेघांची जाळी दिसली. १९८१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी मांडले की या रेघा बहुधा प्राचीन कालवे आहेत. एवढ्या मोठ्या लोकसंख्येला माया लोक जंगलात कसे पोसत होते, या जुन्या कोड्याचे उत्तर मिळाल्यासारखे झाले. बातमी जगभर गेली.

पुढे जमिनीवर जाऊन पडताळा घेणे सुरू झाले. काही ठिकाणी कालवे खरेच निघाले, बऱ्याच ठिकाणी काही नव्हते. १९८९ मध्ये केविन पोप आणि ब्रूस डाहलिन या अभ्यासकांनी आक्षेप घेतला की त्या जाळ्यांतल्या पुष्कळ रेघा म्हणजे रडारच्या चित्रातला गोंगाट आहे. रडारच्या चित्रात दाणेदारपणा असतोच, आणि दाण्यांत रेघ शोधणे हा माणसाच्या डोळ्याचा स्वभाव आहे. ॲडम्स यांच्या पिढीला मी दोष देत नाही. त्यांच्या हाती एकच चित्र होते, ते कशाशी ताडून पाहायची सोय नव्हती, आणि ज्या जंगलात एक किलोमीटर कापायला दिवस जातो तिथे प्रत्येक रेघेपर्यंत चालत जाणे शक्य नव्हते.

या गोष्टीला पुढचा अध्यायही आहे. २००९ मध्ये अर्लन आणि डायन चेस या पुराणवस्तू अभ्यासक दांपत्याने बेलीझमधल्या काराकोल या माया नगराचे विमानातून लेसर किरणांनी सर्वेक्षण करवून घेतले. २०१८ मध्ये ग्वातेमालातल्या २,१४४ चौरस किलोमीटरच्या लेसर नकाशातून साठ हजारांहून अधिक बांधकामे पुढे आली. २०१९ मध्ये बेलीझच्या दलदलींत झाडीखालच्या शेतांचे आणि कालव्यांचे जाळे लेसरने दाखवले. ॲडम्स यांच्या रेघा चुकल्या असतील, पण त्यांचा कयास पुरता चुकला नव्हता. लेसर आणि रडार यांची लोक नेहमी गल्लत करतात, म्हणून स्पष्ट करतो: लेसरचा प्रकाश पानातून जात नाही, तो पानांमधल्या फटींतून जातो. लाखो किरण सोडले की त्यांतले थोडे जमिनीला लागतात, तेवढ्यावरून जमिनीचा उंचसखलपणा उभा राहतो. दगडी चौथरे, बांध, चर यांसाठी हे साधन रडारहून सरस. पण ढग आला की लेसर आंधळा, आणि रडारला ढगाचे काही वाटत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीवर महिनोन्‌महिने ढग बसतात, तेव्हा आकाशातून जमिनीची नोंद घेत राहते ते रडारच.

त्याच बेलीझमध्ये २०१० साली अमेरिकी संरक्षण संशोधन संस्था ‘दार्पा’ हिचे ‘फॉरेस्टर’ नावाचे रडार एका वैमानिकविरहित हेलिकॉप्टरवरून तपासले जात होते. झाडीखालची चालती माणसे आणि वाहने शोधणे हे त्याचे काम. सप्टेंबरमध्ये ते हेलिकॉप्टर कोसळले. अशा यंत्रांविषयी एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. रडारला हालचाल कळते, हेतू कळत नाही. उद्या असे रडार मध्य भारतातल्या जंगलांवर फिरले तर पडद्यावरचा सरकता ठिपका बंदूकधारी आहे, की पहाटे तेंदूपाने तोडायला निघालेली बाई, हे ते सांगणार नाही. ठिपक्यावर कारवाई करणाऱ्याने हे आधी जाणून घेतले पाहिजे.

आपल्याकडे हा विषय चर्चेत येतो तो विमान किंवा हेलिकॉप्टर हरवल्यावर. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात हरवले. शोधात सुखोई विमाने होती, इस्रोचा रिसॅट-२ हा रडार उपग्रहही होता. रिसॅट-२ चा पट्टा एक्स, म्हणजे ३ सेंटिमीटरची लहर. ढगांतून ती जाते, नल्लमलाच्या झाडीच्या शेंड्यावर थांबते. अवशेष दुसऱ्या दिवशी सकाळी हेलिकॉप्टरमधून दिसले.

३ जून २०१९ ला जोरहाटहून अरुणाचलातल्या मेचुकाकडे निघालेले हवाई दलाचे एएन-३२ विमान १३ जणांसह बेपत्ता झाले. सुखोई, सी-१३०, नौदलाचे पी-८आय, इस्रोचे उपग्रह, जमिनीवरची पथके, सगळे लावले. माहिती देणाऱ्याला ५ लाखांचे बक्षीस जाहीर झाले. ११ जूनला एमआय-१७ हेलिकॉप्टरला लिपो गावाच्या उत्तरेला १६ किलोमीटरवर, सुमारे १२,००० फुटांवरच्या डोंगरउतारावर अवशेष दिसले. बचावपथक तिथे पोहोचायला १३ जून उजाडला. कुणीही वाचले नव्हते. माणसांनी आणि यंत्रांनी त्यात कसूर केली नाही. पण तिथले डोंगर रडारला दोन प्रकारे अडवतात. कडा उभा असला की त्याच्या मागच्या बाजूला लहर पोहोचतच नाही. आणि तीव्र उतारावर बुंधा व जमीन, किंवा विमानाचा पंख व जमीन, यांचा काटकोन मोडतो. प्रतिध्वनी भलतीकडे जातो. विडसेलच्या सपाटीवरचे ९७ टक्के अरुणाचलात मिळणार नाहीत.

मग उपग्रहांवर भागणार नाही का? २९ एप्रिल २०२५ ला युरोपचा ‘बायोमास’ हा पी पट्ट्याचा उपग्रह फ्रेंच गयानातून झेपावला. जंगलांत किती कार्बन साठला आहे हे मोजणे त्याचे काम. आंतरराष्ट्रीय नियमांनी त्याला फक्त ६ मेगाहर्ट्झचा पट्टा दिला आहे, म्हणजे बारकावा सुमारे २५ मीटरचा. त्यात ट्रक हरवतो, विमानही हरवते. शिवाय अवकाशातल्या वस्तूंवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकी रडारांना अडथळा होऊ नये म्हणून युरोप आणि उत्तर अमेरिकेवर त्याला गप्प बसावे लागते. मीटरांतल्या लहरी तर वातावरणाच्या वरच्या आयनांबर या थरातून धडपणे खालीवर जाऊ शकत नाहीत. म्हणून झाडीखालची छोटी वस्तू शोधायची तर विमानच हवे.

नासा आणि इस्रोचा निसार हा रडार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून गेला. त्याआधी त्याच्यावरच्यासारखे एल आणि एस पट्ट्यांचे रडार विमानात बसवून चाचण्या झाल्या होत्या. निसार दर १२ दिवसांनी त्याच वाटेवर परततो, आणि हीच त्याची खरी ताकद. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडी दरडीखाली गेली. अशा झाडीभरल्या उतारांवर आखूड लहरींची मोजमापे लवकर विसकटतात; २४ सेंटिमीटरची लहर तग धरते. दरड कोसळण्याआधी उतार हळूहळू सरकत असेल, तर ते सरकणे टिपण्याची आशा निसारकडून धरता येते. अचानक सुटणाऱ्या दरडीबाबत ती धरता येणार नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की अरुणाचलात विमान हरवल्यावर रडार शोधायला निघणे उशिराचे असते. जोरहाट ते मेचुका, जोरहाट ते वालाँग अशा ज्या वाटांवरून आपली विमाने वर्षानुवर्षे जातात, त्या वाटांखालच्या दऱ्यांची लांब लहरीच्या हवाई रडारने, उताराच्या दोन्ही बाजूंनी, आत्ताच चित्रे काढून ठेवली पाहिजेत. दुसऱ्या महायुद्धात चीनकडे जाताना पडलेल्या विमानांचे सांगाडे त्याच डोंगरांत अजून आहेत. नव्या अवशेषांच्या शोधात जुने सांगाडेही उजळणार, आणि जुने कोणते हे आधीच्या चित्रावरूनच कळेल. हे काम दरवर्षी पुन्हा करावे लागेल, कारण तिथे दरडी पडतात, नद्या पात्र बदलतात, नवे रस्ते निघतात. खर्च आहे. हवाई दल, इस्रो आणि राज्याचे वनखाते यांनी तो वाटून घेतला तर तीच चित्रे वनखात्याला लाकडाची मोजणी म्हणून आणि रस्ते बांधणाऱ्यांना सरकत्या उतारांचा नकाशा म्हणून उपयोगी पडतील.